फुंकर

पहाटेचे पाच पन्नास. उणे सव्वीस.
फाटकावरच्या दिव्याखाली बर्फ मिठासारखा करकरतोय
आणि माझ्या कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी,
ते यंत्र उबेला ठेवलंय.
गारठलं तर खोटं बोलतं, असं पत्रकात लिहिलंय.
गारठलेली माणसंही बोलतात. ते पत्रकात नाही.

आउलिस केम्पाइनेन येतो,
नेहमीसारखा चार मिनिटं आधी.
उशिरा येणारा असता तर सोपं गेलं असतं.

कायानूच्या या सॉ मिलमध्ये बावीस वर्षं मोठ्या करवतीवर.
ओंडक्याला तळवा लावून सांगायचा,
आत कुठे गाठ आहे,
कुठे आजोबांच्या युद्धातली गोळी अजून रुतून बसलीय.
मलाही त्यानंच शिकवलं: पातं गातंय तोवर बरं,
सूर बदलला की हात मागे.

गेली दोन वर्षं त्याच्या तोंडाला
नवसागराच्या काळ्या गोळ्यांचा वास.
इथे त्या सगळेच चघळतात,
म्हणून तर त्यानं त्या निवडल्या.
सोमवारी मी त्याला करवतीवरून उठवून
फळ्या मोजायला बसवायची.
रजिस्टरात लिहायची: पाठदुखी.
एका वर्षात एकोणीस वेळा पाठदुखी.
त्याची पाठ ठणठणीत होती.
मी त्याला पाठीशी घालत होते, एवढंच.

सांभाळून घेतेय, असं म्हणायचे स्वतःला.
पण सांभाळणं वेगळं.
सांभाळून घेण्यात शेवटी एक घेणं उरतं.
काय घेत होते मी?
बिनबोभाट पाळी. ठरलेले घनमीटर.
आणि त्याच्या नजरेत, चांगली बाई.

ऑक्टोबरात नीलोचा हातमोजा पट्ट्यात ओढला गेला.
फक्त मोजा.
एकोणीस वर्षांचा पोरगा
आपली बोटं मोजत उभा, पुन्हा पुन्हा,
जणू आकडा बदलेल.
बटण आउलिसनं दाबायचं होतं.
दाबलं त्यानं. दीड सेकंद उशिरा.

"फुंक," मी म्हणते.
शब्दाची वाफ आमच्या दोघांमध्ये लटकते.
तो यंत्राकडे नाही, माझ्याकडे बघतो.
माझ्या पहिल्या आठवड्यात, तापल्या पात्यानं चटका दिला तेव्हा
याच माणसानं माझ्या मनगटावर फुंकर घातली होती,
लेकराच्या गुडघ्यावर घालतात तशी.
आता नळी. पाच सेकंद. बीप.

शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी.

ऑफिसात हीटर घरघरतो. परिचारिका हिल्का खुर्ची ओढते.
कागद दोन पानी:
उपचाराला जाईन, ही त्याची सही.
जागा राखू, ही आमची.
"हाकलतेयस मला, रायली."
मी म्हणाले, फळ्या मोजायला बसवत होते ना,
ते हाकलणं होतं, रोज थोडं थोडं.
नाही, हे मी म्हणाले नाही.
हे घरी जाताना गाडीत सुचलं.
तिथे एवढंच म्हणाले,
"ते पेन चालत नसेल तर दुसरं आहे."

बराच वेळ तो त्या पेनाकडे बघत राहिला.
मग विचारलं, "कुत्रीला कोण बघेल?"

पाच आठवडे झाले.
त्याचा मग खुंटीवर तसाच; धुळीची साय धरलीय.
हिल्का म्हणते, पहिल्या खेपेला पुष्कळजण परत येतात
आणि परत पडतात.
मग पुन्हा कागद. तिसरा कागद नसतो.

आता फाटकावर सगळ्यांत आधी मीच फुंकते,
यंत्र नीलोच्या हातात देऊन.
मी घेत नाही. तरी त्या पाच सेकंदांत
पोटात काहीतरी खाली सरकतं.

काल पोस्टकार्ड आलं. पुढे कुठलंसं गोठलेलं तळं,
मागे एक ओळ:
"तुइस्कूला मासा देऊ नकोस, काटे अडकतात."
रात्री तिच्या वाडग्यातला मासा
मी परत काढला, पुसला,
आणि दिव्याखाली धरून तळव्यानं चाचपत बसले.